एलियाहूचा उरूस

धरमतरची खाडी ओलांडायला आज पूल आहे. पेणहून वडखळला यायचं, खाडी पार करून पोयनाड आणि तिथून अलिबाग. आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळी वाट उलटी होती. मुंबईची आगबोट धरमतरच्या बंदराला लागायची आणि उतरलेली माणसं बैलगाडीने पेण, नागोठणं, रोहे अशी पांगायची. याच खाडीने बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मुंबईला गेले, पलटणीत शिपाई झाले, गोदीत आणि कचेरीत लागले. सणाला आणि लग्नाला परत यायचे तेही याच वाटेने. मी त्यांच्यातलीच. आमचं आडनाव रोहेकर. पेणकर, अष्टमकर, वाकरूळकर, किहीमकर, नागावकर ही आमचीच आडनावं. ती एका ओळीत लिहिली तर या भागाचा नकाशा तयार होतो.

आमची परंपरा सांगते की फार जुन्या काळी नवगावजवळ एक जहाज फुटलं. त्यातून सात जोडपी वाचली. किनाऱ्याला लागलेली प्रेतं नवगावातच पुरली, आणि त्या जागेला आम्ही आजही मान देतो. वाचलेले लोक गावोगाव राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा; म्हणून लोकांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ उरला नव्हता. मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही एकच प्रार्थना एवढ्यावर त्यांनी शेकडो वर्षं काढली.

आणि त्यांनी एलियाहू हन्नाबीला सोडलं नाही. हन्नाबी म्हणजे संदेष्टा. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात त्याची कथा आहे: यार्देन नदी ओलांडून तो शिष्य अलीशाबरोबर चालला असता अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे मध्ये आले आणि एलियाहू वावटळीतून स्वर्गात गेला. त्याला मरण आलंच नाही. कोकणात ही गोष्ट कुणाला परकी वाटली नसणार. ही परशुरामाची भूमी, आणि परशुराम सात चिरंजीवांपैकी एक. न मेलेला माणूस अजून फिरतो आहे, हाकेला येतो, हे शेजारच्या आगऱ्याला आणि कोळ्यालाही सहज पटणारं होतं.

अलिबागजवळ खंडाळे गावात एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथे उतरला आणि चाकांच्या, घोड्यांच्या टापांच्या खुणा दगडात उमटल्या, असं आमच्यात मानतात. त्या जागेला म्हणतात एलियाहू हन्नाबीचा टापा. शेवाट या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, आमच्यात एलियाहू हन्नाबीचा उरूस असतो. उरूस आणि त्या वेळी होणारा मलिदा हे दोन्ही शब्द दर्ग्याच्या वाटेने आमच्याकडे आले, यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. ज्यांच्यात राहिलो त्यांचे शब्द घेतले आणि त्यात आपलं दैवत जपलं.

मलिदा कसा होतो ते सांगते, कारण तो पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेण-रोह्याकडचे पोहे नावाजलेले. आमच्या घरी तेच लागतात. पोहे धुऊन निथळत ठेवायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ घालून हलक्या हाताने कालवायचे, वर बदाम-पिस्ते. मोठ्या ताटात पोह्यांची रास करून भोवती फळं मांडायची, खजूर हवाच. एक गुलाब आणि सब्जाची डहाळी. मग पुरुष हिब्रूत एलियाहूचं गाणं म्हणतात, बाया चालीत चाल मिसळतात. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, जमिनीतून येणाऱ्याला दुसरं, म्हणून केळं वेगळं धरतात. सब्जाचा वास घेतानाही आशीर्वचन म्हणायचं. लग्न ठरलं, नवस फिटला, दुखण्यातून माणूस उठला, नवं घर घेतलं, की मलिदा. ताट मांडलं की एलियाहू येतो, असं आजी सांगायची, आणि ती दार उघडं ठेवायची.

या साध्या विश्वासाला छापील शब्दांची सोबत मिशनऱ्यांमुळे मिळाली. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं. 1826 पर्यंत त्यांनी मराठीत नवा करार छापला. त्यांच्या शाळांमध्ये बेने इस्राएल शिकले, शिकवूही लागले. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण रचलं ते आमच्या लोकांसाठी. मिशनऱ्यांना हवं होतं ते धर्मांतर झालं ते अगदी थोड्यांचं. पण आमचं स्वतःचं शास्त्र मात्र आम्हाला त्यांच्या हातून, बाळबोध अक्षरांत, परत मिळालं.

त्या नव्या करारात अमरपणासाठी ग्रीक शब्द आहे ‘अथानासिया’, मरण नसणं. साऱ्या नव्या करारात तो फक्त तीनदा येतो: करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात दोनदा आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात एकदा. ग्रीक लोक आपल्या देवांना अमर म्हणत, आणि माणसाचा आत्मा स्वभावतःच अमर आहे असं प्लेटो मांडतो. करिंथकरांना लिहिणारा पौल यहुदी घरातला. तो तसं म्हणत नाही. त्याच्या लेखी मर्त्य माणसाला अमरपण पांघरावं लागतं, वस्त्रासारखं. तीमथ्याच्या पत्रात तर अमरपण एका देवाचंच आहे. मी ख्रिस्ती नाही, पण हे वाचताना मला आमचा एलियाहू जवळचा वाटतो. याकोबाच्या पत्रात तो आपल्यासारखाच माणूस होता असं म्हटलं आहे. तो अमर झाला तो देवाने नेलं म्हणून. त्याच्या हाडामांसात काही वेगळं नव्हतं.

मेलेली माणसंही एलियाहूसारखी भेटीला येतात, अशी आमच्यातल्या जुन्या लोकांची समजूत होती. दारफळणीच्या सणाच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, आदल्या दिवशी पूर्वज घरी येतात, आणि उपासानंतरच्या शिळा सणाला परत जातात. म्हणून त्या दिवसांत आठवणीने त्यांची नावं घ्यायची. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी 1897 मध्ये लिहिलेल्या आणि 1937 मध्ये छापल्या गेलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात या चालीरीती नोंदल्या आहेत. त्यांनी ते काम केलं नसतं, तर आज अर्ध्या गोष्टी हरवल्या असत्या.

1948 नंतर आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेले. 1964 मध्ये तिथल्या धर्मपीठाने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली, तीही भांडून मिळवावी लागली. डिमोना आणि अश्दोदमध्ये आज मलिदा होतो. अलिबागचं मागेन अबोथ हे 1848 चं सिनेगॉग इस्राएल आळीत उभं आहे, पेणलाही सिनेगॉग आहे; पण ज्या गावांची आडनावं आम्ही लावतो, त्यांतल्या कित्येकांत आमचं एकही घर उरलेलं नाही.

म्हणून माझी एकच मागणी आहे, आमच्यांना आणि शेजाऱ्यांनाही. मलिद्याचं गाणं मुलांना अर्थासकट शिकवा. गावातल्या कबरींवरची नावं उतरून घ्या, दगड झिजण्याआधी. कुठल्या आळीत कुणाचा घाणा होता हे ज्यांना आठवतं त्यांच्याकडून लिहून घ्या. एलियाहूला देवाने नेलं; घाण्यावर राबलेल्या माणसांची नावं टिकवणं आपल्या हातात आहे.