शालेय ग्रंथालयापासून ‘लर्निंग कॉमन्स’पर्यंत : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
शालेय ग्रंथालय म्हटले की कुलूपबंद कपाटे, लांब टेबले आणि ‘शांतता राखा’ ही पाटी डोळ्यांसमोर येते. या चित्राला छेद देणारी ‘लर्निंग कॉमन्स’ ही संकल्पना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तर अमेरिकेतील शाळांमध्ये रुजू लागली. इंग्लंडमध्ये ‘कॉमन्स’ म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वहिवाटीची जमीन. आपल्याकडील गायरानाशी तिचे साधर्म्य आहे. ग्रंथालयाची जागा अशी सर्वांच्या वहिवाटीची कशी झाली आणि तीत ग्रंथपालाचे स्थान काय राहिले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

मानकांचा काळ :
अमेरिकेतील शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने १९६० मध्ये नवी मानके प्रसिद्ध केली. ती प्रत्यक्षात कशी उतरतात हे दाखविण्यासाठी १९६३ मध्ये नॅप फाउंडेशनच्या अनुदानातून निवडक शाळांत आदर्श ग्रंथालयांचा पाच वर्षांचा प्रकल्प सुरू झाला. १९६५ च्या शिक्षणविषयक कायद्याने ग्रंथालय साहित्यासाठी संघराज्य शासनाचा निधी उपलब्ध करून दिला. १९६९ च्या मानकांनी तर ग्रंथालयाचे नावच बदलून ‘मीडिया सेंटर’ केले. चित्रफिती व ध्वनिमुद्रिका ग्रंथांच्या शेजारी आल्या आणि पाहण्या-ऐकण्यासाठी, गटचर्चेसाठी स्वतंत्र जागांचा विचार होऊ लागला. शांततेचा नियम सैल होण्याची सुरुवात येथे झाली.

विद्यापीठाकडून शाळेकडे :
पुढचा टप्पा विद्यापीठांत घडला. आयोवा विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात १९९२ मध्ये ‘इन्फर्मेशन आर्केड’ सुरू झाले. संगणक, अध्यापनकक्ष आणि मदतनीस कर्मचारी तेथे एकाच ठिकाणी आणले गेले. डोनाल्ड बीगल यांनी १९९९ मधील लेखात ‘इन्फर्मेशन कॉमन्स’ या कल्पनेची सैद्धांतिक मांडणी केली. डेव्हिड लोर्चर, कॅरोल कोएच्लिन आणि सॅन्डी झ्वान यांनी २००८ मधील ग्रंथात हा विचार शाळेला लागू केला. त्यांच्या आराखड्यात दोन भाग होते. पहिला विद्यार्थी व शिक्षकांच्या गरजेनुसार रचना बदलता येणारा ‘मुक्त कॉमन्स’, तर दुसरा शिक्षकांनी नव्या अध्यापनपद्धती पडताळून पाहण्याचे प्रयोगकेंद्र. त्यांच्या जोडीला आभासी कॉमन्सही अपेक्षित होते. हलविता येणारे फर्निचर आणि बुटक्या मांडण्या यांचे महत्त्व या आराखड्यातून येते. एकच दालन सकाळी वाचनासाठी, तर दुपारी गटकार्यासाठी वापरता यावे, हा त्यामागील हेतू होता.

कसोटीचा प्रसंग :
मॅसॅच्युसेट्समधील कुशिंग अकादमी या निवासी शाळेने २००९ मध्ये वीस हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्या जागी पडदे, ई-वाचनयंत्रे व कॉफीचे दालन आले. या निर्णयावर मोठा वाद झाला. ग्रंथ हटविले म्हणजे कॉमन्स झाले काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. कॅनडात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मानकांनी वेगळी दिशा दाखविली. त्यांनी कॉमन्सची व्याख्या सामानसुमानावरून न करता शिक्षक व ग्रंथपाल यांच्या सहकार्यातून केली. याउलट, अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार २००९-१० ते २०१८-१९ या काळात तेथील शालेय ग्रंथपालांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली. जागा खुली होत असतानाच ती चालविणारी माणसे कमी होत होती.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, विद्यार्थ्याने शिकायचे कसे याविषयीची समजूत जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तेव्हा ग्रंथालयाची रचनाही बदलली. मात्र प्रत्येक टप्प्यावर रचनेला अर्थ प्राप्त झाला तो तेथील कर्मचाऱ्यांमुळे. गायरान सर्वांचे असले, तरी त्याची राखण कोणीतरी करावीच लागते. म्हणून ग्रंथालयाच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या कोणत्याही शाळेने फर्निचरच्या आधी पूर्णवेळ, प्रशिक्षित ग्रंथपालाच्या पदाची तरतूद करणे आवश्यक ठरते.