लुईस लेक कॅम्पग्राउंड

लुईस लेक कॅम्पग्राउंड हे अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण भागातील सार्वजनिक तंबूतळ आहे. वायोमिंग राज्यात, लुईस सरोवराच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३८० मीटर (७,८०० फूट) उंचीवर ते वसलेले असून त्यात मुक्कामाच्या ८५ जागा आहेत. ‘कॅम्पग्राउंड’ या शब्दाने आपल्याकडे जे हॉटेलवजा ‘टेंट रिसॉर्ट’ डोळ्यांसमोर येते, त्याच्याशी या तळाचे साम्य नाही. येथे तंबू, अंथरूण-पांघरूण, शिधा हे सारे प्रवाशाने स्वतः आणायचे असते. उद्यानाकडून मिळते ती जमिनीची एक आखलेली जागा, एक टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे.

स्थान व हवामान

उद्यानाच्या दक्षिण प्रवेशद्वारापासून उत्तरेकडे सुमारे १३ किलोमीटरवर हा तळ लागतो. हिमवृष्टी दीर्घकाळ टिकत असल्याने तो साधारणतः जूनच्या मध्यास उघडतो आणि शरद ऋतूत बंद होतो. ऐन जुलै-ऑगस्टमध्येही रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडू शकते. महाराष्ट्रातून ‘उन्हाळी सहली’च्या कल्पनेने गेलेल्या पाहुण्यांची नेमकी येथेच फसगत होते. उबदार झोपपिशवी आणि अंगाखाली घालायची जाड चटई नसेल तर तेथील रात्र सोपी नाही, कारण थंडी वरून जितकी येते तितकीच जमिनीतूनही येते.

तळाभोवतीचे रान मुख्यतः लॉजपोल पाइन वृक्षांचे आहे. १९८८ साली उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग वणव्यांच्या कक्षेत आला. त्यांपैकी ‘रेड फायर’ नावाचा वणवा १ जुलै रोजी लुईस सरोवराजवळच सुरू झाला होता. लॉजपोल पाइनची अनेक बीजफळे राळेने मिटलेली असतात व आगीच्या उष्णतेने उघडतात. त्यामुळे जळालेल्या जागी एकाच वयाची दाट तरुण झाडी उगवलेली दिसते.

मुक्कामाची पद्धत

एका जागेवर सहापेक्षा अधिक माणसांना राहता येत नाही, आणि उन्हाळी हंगामात मुक्कामाची कमाल मर्यादा १४ दिवसांची आहे. पिण्याच्या पाण्याची सोय आहे. शौचालये मात्र खड्ड्याची असून स्नानगृहे नाहीत. स्नान व कपडे धुण्यासाठी उत्तरेला ग्रँट व्हिलेज येथे जावे लागते. तळावर वीजजोडणी नाही आणि जनित्र चालवण्यास पूर्ण मनाई आहे. या तळाची शांतता जशी निसर्गदत्त आहे तशीच ती नियमाने राखलेलीही आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ असतो. शेकोटीभोवती रात्रभर गाण्याच्या भेंड्या लावण्याची आपली हौस या वेळापत्रकात बसत नाही.

अन्न आणि अस्वले

यलोस्टोनमध्ये तपकिरी (ग्रिझली) आणि काळी अशी दोन्ही अस्वले आहेत. त्यामुळे अन्न, स्वयंपाकाची भांडी, रिकामी शीतपेटी, कचरा, इतकेच नव्हे तर साबण आणि दंतमंजनही वापरात नसताना बंद वाहनात किंवा लोखंडी अन्नपेटीत ठेवावे लागते. तंबूत खाण्याचा पदार्थ ठेवणे हा नियमभंग आहे. नियमामागील कारण केवळ माणसाची सुरक्षितता हे नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीकडे येते, धीट होते आणि अखेरीस अनेकदा त्यालाच मारावे लागते. टेबलावर विसरलेल्या एका डब्याची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. अस्वल व लांडगा यांच्यापासून किमान ९१ मीटर (१०० यार्ड), तर गवा, हरिण आदी अन्य प्राण्यांपासून २३ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे.

सरोवर

हेडन यांच्या १८७२ च्या सर्वेक्षणात सरोवराला मेरिवेदर लुईस या संशोधकाचे नाव देण्यात आले. लुईस स्वतः येथे कधीही आला नव्हता. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. तळालगत नौका उतरवण्याचा उतार व धक्का असून परवाना आणि तपासणीनंतर यांत्रिक नौकाही चालवता येतात. वल्हवणारे प्रवासी वायव्येकडील नदीमार्गाने शोशोनी सरोवराकडे जातात. त्या सरोवरात यंत्राला मज्जाव आहे. या मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात प्रवाहाविरुद्ध, थंडगार पाण्यात उतरून नाव ओढत न्यावी लागते. दुपारनंतर वारा वाढून लाटा उसळतात, म्हणून मोठा जलप्रवास सकाळी लवकर उरकणे शहाणपणाचे. पाणी इतके थंड असते की नाव उलटल्यास बुडण्याआधी गारठ्यानेच हातपाय निकामी होतात.

माशांचा प्रश्न

लुईस सरोवरात मूळचे मासे नव्हतेच. १८९० मध्ये तेथे लेक ट्राउट आणि ब्राउन ट्राउट हे मासे बाहेरून आणून सोडण्यात आले. गळ टाकणाऱ्यांची सोय एवढाच त्यामागील विचार होता, आणि आजही येथे मुक्कामाला येणाऱ्या अनेकांचे मुख्य आकर्षण तेच आहे.

पुढे १९९४ मध्ये जवळच्या, आकाराने कितीतरी मोठ्या यलोस्टोन सरोवरात लेक ट्राउट आढळला. या दोन सरोवरांच्या मधून खंडीय जलविभाजक जातो : लुईस सरोवराचे पाणी स्नेक नदीवाटे पॅसिफिक महासागराकडे, तर यलोस्टोन सरोवराचे पाणी अखेरीस मेक्सिकोच्या आखाताकडे वाहते. माशांच्या कानातील सूक्ष्म अस्थिखड्यांच्या रासायनिक पृथक्करणातून, हे मासे लुईस सरोवरातून नेऊन सोडले गेले असावेत असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

परिणाम दूरगामी ठरला. यलोस्टोन सरोवरातील मूळचा कटथ्रोट ट्राउट अंडी घालण्यासाठी उथळ ओढ्यांत चढतो, आणि तेथे तो अस्वले, ऑटर, मत्स्यगरुड अशा अनेक प्राण्यांचे अन्न होतो. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो व सरोवरातच अंडी घालतो. तो या प्राण्यांच्या हाती लागत नाही, उलट कटथ्रोटलाच खातो. कटथ्रोटची संख्या कोसळली तेव्हा ओढ्यांकाठी येणारी अस्वलेही घटली. उद्यान प्रशासनाने जाळी लावून आजवर ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट काढले आहेत. यलोस्टोन सरोवरात गळाला लागलेला लेक ट्राउट जिवंत सोडण्यास आज बंदी आहे.