तागडी आणि कुलूप

सरकारनें व्यापारांत हात घालावा कीं न घालावा, हा वाद आपल्याकडे शंभर-सव्वाशें वर्षें चालला आहे, आणि तो बहुधा दोन पक्षांच्या घोषणांपलीकडे जात नाहीं. एक पक्ष म्हणतो, निर्बंध काढा म्हणजे संपत्ति वाढेल; दुसरा म्हणतो, निर्बंध काढाल तर दुर्बळ भरडला जाईल. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. विलायतेंतील अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळांस सारखेच लागू पडतात असें समजूं नये, हें त्या व्याख्यानाचें सार होतें. तोच इशारा या घोषणांसहि लागू आहे. तेव्हां सिद्धांत क्षणभर बाजूस ठेवून एखाद्या मालाचा इतिहास पाहावा, हें बरें. नागपुरांत बसून असा विचार करणारास तो माल शोधावयास दूर जावें लागत नाहीं. तो माल म्हणजे कापूस.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारले, आणि पुढें नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला, व त्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला, आणि हिंगणघाट, अमरावती, खामगांव हीं नांवें सातासमुद्रांपलीकडील व्यापाऱ्यांच्या तोंडीं आलीं. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली. कापूस जेथें पिकतो तेथेंच गिरणी काढावी, हा त्यांचा हिशेब होता.

भाव चढला तशी लबाडीहि चढली. कापूस ओला करणें, त्यांत सरकी व माती मिसळणें, हलका माल उत्तम म्हणून खपविणें, हे प्रकार वाढले. तेव्हां १८६३ मध्यें मुंबई इलाख्यांत कापसांतील भेसळीविरुद्ध कायदा झाला, तपासनीस नेमले गेले. व्यापाऱ्यांनीं या देखरेखीविरुद्ध ओरड केली, आणि कांहीं वर्षांनीं तो कायदा मागे घेण्यांत आला. आपल्या भागांतील व्यापारास लागलेला आणि मग उठलेला हा एक आरंभींचा निर्बंध. त्यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: या कायद्याची नजर सर्वस्वीं परदेशीं माल घेणाराच्या हिताकडे होती. गाडी जुंपून पहांटे बाजारांत येणाऱ्या कुणब्याची जी फसवणूक होई, तिचा त्यांत विचारच नव्हता.

ती फसवणूक कशी होती? शेतकरी बाजारांत आला म्हणजे त्याची गांठ प्रथम अडत्याशीं पडे. अडत्या हाच बहुधा त्याचा सावकार, आणि घेणाराचाहि तोच मनुष्य. भाव ठरे तो रुमालाखालीं, बोटें दाबून. ज्याचा माल त्यास तो कळे तो सर्वांच्या मागून. मग अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय, गोशाळा अशी वजावट सुरू होई. तागडी घेणाराची, वजनें घेणाराचीं आणि हिशेबहि त्याचाच. गाडी एकदां रिकामी झाली कीं भाव पाडून मागण्यास व्यापारी मोकळा. कारण कापूस परत भरून वीस कोस माघारीं नेण्याची ताकद शेतकऱ्यांत नसे. कोणत्याहि कायद्यानें न बांधलेला बाजार तो हा. तेथें स्वातंत्र्य होतें, परंतु तें एकाच बाजूचें होतें.

या स्थितीस पहिला प्रतिबंध वऱ्हाडांतच झाला. १८८६ मध्यें हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमान्वयें कारंजा येथें कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानांतील तो पहिला मानला जातो. नरसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाची म्हणून जी नगरी भाविकांस ठाऊक आहे, तिचें अर्थशास्त्रांतील हें स्थान फारसें कोणास ठाऊक नसतें. पुढें १८९७ मध्यें वऱ्हाडांतील कापूस व धान्यबाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. ठराविक आवार, परवानाधारक अडते व तोलणार, ठराविक वजावट आणि तंटे मिटविण्यास समिति, असें त्याचें स्वरूप होतें. यांतहि परोपकार निर्भेळ नव्हता. मँचेस्टरला चांगला माल वेळेवर मिळावा हा हेतु होताच. समितींत प्राबल्य व्यापाऱ्यांचें होतें, आणि शेतीच्या रॉयल कमिशननें १९२८ मध्यें नियंत्रित बाजारांची शिफारस करतांना शेतकऱ्यास तेथें स्थान असावें असें म्हटलें. मध्यप्रांतांत १९३२ मध्यें कापूसबाजाराचा व १९३५ मध्यें इतर शेतमालाचा कायदा आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ च्या कायद्यानें सर्व राज्यास एकच व्यवस्था लागू झाली. कितीहि उणिवा असल्या तरी या कायद्यांनीं मूळांत एकच काम केलें होतें: तागडी उघड्यावर आणली, आणि एका गाडीभोवतीं चार घेणारे उभे केले.

यानंतर जें पाऊल टाकलें गेलें तें निराळ्या जातीचें होतें. महाराष्ट्र विधिमंडळानें १९७१ मध्यें कच्च्या कापसाचा कायदा केला, आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यांत पिकलेला सर्व कापूस सरकारच्या वतीनेंच घेतला जाईल. खाजगी व्यापाऱ्यास तो घेतां येणार नाहीं. कापूस राज्याबाहेर नेतां येणार नाहीं. जिनिंग-प्रेसिंगवाल्यानें मजुरीवर काम करावें, असा तिचा आशय. हेतु उदात्त होता यांत शंका नाहीं. दलालाचा निकाल लागावा, लहानमोठ्यास एकच भाव मिळावा, बाजार पडला तरी माल घेणारा कोणी तरी असावा, ही अपेक्षा होती. आणि मंदीच्या वर्षीं तिनें अनेकांस हात दिला, हें नाकारणें अन्यायाचें होईल. मला तरी असें वाटतें कीं, तिच्या जनकांनीं वऱ्हाडच्या शेतकऱ्याचें दुःख बरोबर ओळखलें होतें. औषध मात्र रोगाच्या उलट दिशेचें दिलें. घेणारे थोडे म्हणून शेतकरी नाडला जात होता. योजनेनें घेणारा एकच ठेवला.

परिणाम हळूहळू दिसूं लागले. माल घातल्यावर चुकारे हप्त्याहप्त्यानें मिळत. कर्जाची व चढउतार निधीची कपात आधींच होई. प्रत ठरविणारा ग्रेडर हाच आतां बाजाराचा धनी झाला. पूर्वीं रुमालाखालीं जें घडे तें आतां टेबलापलीकडे घडूं शकत होतें, आणि एका केंद्रावर मन मानलें नाहीं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाण्याची वाट बंद होती. बाहेर भाव चढला कीं यवतमाळकडचा कापूस रात्रीं आदिलाबादकडे निघे. बाहेर भाव उतरला कीं परप्रांतीचा कापूस आंत येऊन सरकारी केंद्रांवर चढे. म्हणजे तेजींत माल नाहीं आणि मंदींत ढीग, अशा दुहेरी पेचांत महासंघ सांपडला. त्यांत निवडणुका जवळ आल्या कीं जाहीर भाव बाजारभावाच्या वर जाई, आणि तूट राज्याच्या तिजोरीवर पडे. स्वतःच्या शेतांतला माल जिल्ह्याची सीमा ओलांडून विकणारा शेतकरी चोर ठरावा, ही गोष्ट कोणत्याहि कल्याणकारी कायद्यास भूषणावह नाहीं.

येथें इतिहासानें एक विलक्षण विसंगति दाखविली आहे. १९९१ च्या जुलैंत पंतप्रधान नरसिंह रावांच्या सरकारनें बहुतेक कारखान्यांवरील परवान्यांचें बंधन उठविलें. हे रावसाहेब त्यापूर्वीं आमच्या शेजारच्या रामटेकचे लोकसभेंतील प्रतिनिधि होते. कारखानदारास मोकळीक मिळाली. परंतु त्याच रामटेकच्या आसपास कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मालावरचें कुलूप आणखी अकरा वर्षें तसेंच राहिलें. तें निघालें २००२ मध्यें, जेव्हां खाजगी व्यापाऱ्यांस पुन्हां खरेदीची मुभा मिळाली. त्याच वर्षीं, सरकारच्या ताब्यांत जाऊनहि न सांवरलेली एम्प्रेस मिल कायमची बंद पडली. कुलूप उघडलें तेव्हां घरासमोरचें एक जुनें गिऱ्हाईक उठून गेलेलें होतें.

निर्बंध गेल्यावर भरभराट झाली काय? याचें उत्तर विदर्भानें फार महागांत दिलें आहे. अनेक व्यापारी आले, रोख पैसा मिळूं लागला, रात्रींची चोरटी वाहतूक संपली. परंतु जागतिक बाजारांत भाव पडलेले, शेती पावसावर अवलंबून, पतपुरवठा आटलेला आणि बियाण्याचा खर्च वाढलेला, अशा वेळीं हें स्वातंत्र्य पदरांत पडलें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं सारा देश हादरला, आणि २००६ मध्यें पंतप्रधान मनमोहनसिंगांनीं विदर्भास भेट देऊन सहा जिल्ह्यांसाठीं ३७५० कोटींची योजना जाहीर केली. या अनर्थाचें खापर केवळ निर्बंध उठविण्यावर फोडणें चुकीचें होईल; तितकेंच चुकीचें होईल तें मोकळीक हीच पुरेशी होती असें म्हणणें. तीस वर्षें ज्यास बाजार पाहूं दिला नाहीं, त्यास एके सकाळीं बाजारांत सोडून देणें याला धोरण म्हणतां येत नाहीं.

आणि १९६३ च्या कायद्याचें तरी काय झालें? ज्या आवारानें तागडी उघड्यावर आणली, त्याच आवाराबाहेर विकूं नये, ठराविक परवानेदारांसच विकावें, अशा अटींनीं कालांतरानें त्याचेंहि कुलूप बनलें. २००६ पासून खाजगी बाजारांस वाट करून दिली गेली; २०१६ मध्यें फळें व भाजीपाला आवाराच्या सक्तींतून सुटला. केंद्राचे २०२० चे शेतीकायदे मात्र वर्षभराच्या आंदोलनानंतर २०२१ मध्यें मागे घ्यावे लागले. ज्यांस हमीभावाचा आधार होता, त्या शेतकऱ्यांचा मोकळिकीच्या आश्वासनावर विश्वास बसला नाहीं. ही अविश्वासाची भावना एका दिवसांत उत्पन्न झालेली नव्हती.

सव्वाशेंहून अधिक वर्षांच्या या कथेवरून मला एवढेंच म्हणावेंसें वाटतें. कायदे किती आहेत ही मोजदाद व्यर्थ आहे. प्रत्येक कायद्यास एकच प्रश्न विचारावा: याच्यामुळें शेतकऱ्याच्या गाडीभोवतीं घेणारे वाढतात कीं घटतात? तागडी खरी ठेवणारा, हिशेब उघडा ठेवणारा, चुकारा वेळेवर देवविणारा कायदा व्यापाराचा शत्रु नाहीं. त्याच्यावांचून व्यापार म्हणजे लूट होय. पण जो दार लावून घेतो, तो सरकारचा असो कीं व्यापाऱ्यांच्या टोळीचा असो, काढलाच पाहिजे; आणि काढतांना आंतल्या माणसास उजेडाची संवय होईल इतका अवधि व आधार दिला पाहिजे. हें ज्यांस कळलें नाहीं, त्यांनीं कारंजाचा बाजार एकदां जाऊन पाहावा. तेथें गाड्यांच्या जागीं ट्रॅक्टर आले आहेत. भाव ऐकण्यासाठीं कान टवकारून उभा राहिलेला मनुष्य मात्र तोच आहे.