माळरानाचा इतिहास आणि परिसंस्थेचे आकलन

प्रस्तावना

परिस्थितीविज्ञान व उत्क्रांतिशास्त्र ही निसर्गविज्ञाने असली तरी त्यांचे अभ्यासविषय काळाच्या ओघात घडलेले असतात. एखादा भूप्रदेश मुळातच तसा होता की पुढे बिघडला, हे आजच्या मोजमापावरून ठरत नाही. त्यासाठी इतिहासाची साक्ष घ्यावी लागते. पश्चिम महाराष्ट्रातील माळराने हे याचे बोलके उदाहरण होय.

‘पडीक’ जमिनीची कल्पना

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांत विरळ झाडांची विस्तीर्ण गवताळ राने आढळतात. लाकूड आणि महसूल यांवरून जमिनीचे मूल्य ठरविणाऱ्या ब्रिटिश प्रशासनाच्या लेखी ती पडीक होती. येथे पूर्वी दाट अरण्य होते व कुऱ्हाड आणि चराई यांमुळे ते नष्ट झाले, असा समज रूढ झाला. स्वातंत्र्यानंतरही त्याच समजातून माळांवर ग्लिरिसिडियासारख्या परदेशी झाडांची लागवड झाली.

इतिहासाची साक्ष

प्राचीन मातीतील कार्बनच्या अभ्यासानुसार भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशीय गवतांचा प्रसार सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी झाला. घोड नदीकाठच्या इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात मोकळ्या रानात राहणाऱ्या काळविटाची हाडे मिळाली. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून येथील माळराने किमान साडेसातशे वर्षे जुनी असल्याचे दिसते. यांपैकी एकेक पुरावा अपुरा असला, तरी ते परस्परांस पूरक आहेत.

या दीर्घ इतिहासाच्या खुणा सजीवांच्या देहातही आहेत. गवताचे वाढीचे कोंब जमिनीलगत असल्याने चराई वा वणव्यानंतर ते पुन्हा फुटते. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. दूरवरची नजर हेच त्याचे संरक्षण. त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य घोषित झाले. अशा ठिकाणी दाट वृक्षलागवड करणे म्हणजे त्याचे घरच हिरावून घेणे होय.

निष्कर्ष

प्रत्येक उजाड जागा मूळची माळरानच होती, असे नव्हे. काही ठिकाणी वृक्षतोड खरोखरच झाली आहे. म्हणूनच झाड लावण्यापूर्वी त्या जागेचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते. त्याच्या अभावी संवर्धनाच्या नावाखाली विनाश घडू शकतो.