हार्ड डिस्कची नाडीपरीक्षा

आमच्या घरचा संगणक तसा म्हाताराच. एके दिवशी तो सुरू व्हायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेऊ लागला. फाइल उघडताना मध्येच थबकायचा आणि आतून 'टक्, टक्' असा आवाज यायचा. त्यात बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, प्रयोगांच्या नोंदी होत्या आणि आमच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या चाळीस ओव्या होत्या. प्रश्नपत्रिका पुन्हा काढता आल्या असत्या. आई मात्र आता नाही.

तपासणीचा प्रोग्राम चालवला, तर उत्तर आले, 'डिस्क ठीक आहे'. आतून टकटक ऐकू येते आणि यंत्र स्वतःला ठणठणीत म्हणवते, हे कसे? उत्तरासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये रामॅक या संगणकाबरोबर जगापुढे आणली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या गटाने ती घडवली होती. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे साठवत. वाचणारे हेड चकतीला टेकू नये म्हणून दाबाखालची हवा सोडून ते सुमारे २० मायक्रॉन वर ठेवले जाई. पुढे १९६१ च्या आयबीएम १३०१ मध्ये ही हवा बाहेरून पुरवण्याची गरज उरली नाही. फिरणाऱ्या चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवरच हेड तरंगू लागले. १९७३ मध्ये 'विंचेस्टर' म्हणून ओळखल्या गेलेल्या आयबीएम ३३४० मध्ये चकत्या आणि हेड एकाच बंद डबीत आले. १९८० साली सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची एसटी-५०६ ही डिस्क बाजारात आली आणि टेबलावरच्या संगणकात हार्ड डिस्क बसण्याची वाट मोकळी झाली.

साठवण वाढवायची तर खुणा बारीक हव्यात आणि बारीक खुणा वाचायच्या तर हेड जवळ हवे. आजच्या डिस्कमध्ये हे अंतर काही नॅनोमीटरच असते. धुळीचा एक मायक्रॉनचा कण म्हणजे १००० नॅनोमीटर. हेडपुढे तो डोंगरच! आता विद्यार्थ्यांना एक गणित घालावे. साडेतीन इंची डिस्कमधील चकतीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर असतो आणि ती मिनिटाला ७२०० फेरे घेते. तर तिच्या कडेचा वेग किती? सेकंदाला १२० फेरे, प्रत्येक फेरा सुमारे ३० सेंटिमीटरचा, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर, ताशी जवळजवळ १३० किलोमीटर. या वेगात हेड चकतीला घासले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

मग डिस्क बिघडण्याआधी तिची नाडी पाहता येईल का? १९९२ मध्ये आयबीएमने आपल्या काही डिस्कमध्ये बिघाडाची पूर्वसूचना देणारी सोय केली. १९९५ मध्ये कॉम्पॅक कंपनीने सीगेट, क्वांटम आणि कॉनर या उत्पादकांबरोबर अशीच पद्धत पुढे आणली. त्यातूनच 'स्मार्ट' ही सर्वमान्य पद्धत तयार झाली. यात डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते. किती जागा खराब म्हणून बदलल्या, किती जागा वाचता न आल्याने निकालाविना पडून आहेत, तारेतून जाताना माहितीत किती वेळा चूक झाली, तापमान किती, असे अनेक आकडे त्यात असतात. प्रत्येक बाबीसाठी उत्पादकाने एक मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडली जाईपर्यंत एकूण शेरा 'ठीक' असाच राहतो!

२००७ मध्ये पिनहेरो, वेबर आणि बारोसो या गूगलमधील तिघांनी एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न आढळलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. उलट, बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्के डिस्कनी चार महत्त्वाच्या लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. लक्षण दिसले तर ते गंभीर असते; पण लक्षण दिसले नाही म्हणजे प्रकृती चांगली, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. तर्काचा हा धडा वर्गात शिकवण्यासारखा आहे.

आम्ही मग शेरा बाजूला ठेवून आकडे वाचले. तारेतील चुका शून्य होत्या. तिथे आकडा वाढत असता तर दोष बहुधा तारेचा किंवा जोडणीचा ठरला असता आणि तार बदलून भागले असते. पण न वाचता आलेल्या जागा दोनशेच्या वर होत्या. दुसऱ्या दिवशी त्या तीनशेवर गेल्या. टकटकीचा अर्थही लागला. हवी ती जागा सापडली नाही की हेड मागे जाते आणि पुन्हा प्रयत्न करते, त्याचा तो आवाज.

अशा वेळी पुन्हा पुन्हा तपासणी करणे म्हणजे दमलेल्या रोग्याला पळायला लावणे. आधी नक्कल, मग निदान! संगणक बंद केला, विजेची तार काढली, अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावला. चार स्क्रू आणि दोन जोडण्या सोडवून डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली. तिथे डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम वापरला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो. अवघड प्रश्न शेवटी ठेवणाऱ्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे हे झाले. नक्कल रात्रभर चालली होती. पहाटेनंतर जुन्या डिस्कने कायमचे मौन धरले.

सदतीस ओव्या मिळाल्या, तीन गेल्या. नव्या जागी आम्ही एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारी चकती नाही आणि हेडही नाही. पण ती कधीच बिघडत नाही असे नव्हे. बिघडताना ती टकटक मात्र करणार नाही.

शाळेच्या संगणकातही निकाल, दाखल्यांच्या नोंदी आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असतात. त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक वेगळ्या इमारतीत आहे का, हे विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यावे. प्रत नुसती काढून भागत नाही, ती उघडूनही पाहावी. आमच्याकडे आता ओव्यांच्या तीन प्रती आहेत. त्या तीन ओव्यांची मात्र एकही नाही.