सैतानाचे घरगुती नाव : ‘क्लूटी’

१५९४ साली स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेपुढे एक विलक्षण तक्रार आली. ॲबर्डीनशायरमधील गीरी या भागातले, आणि इतरत्रचेही, शेतकरी जमिनीचा एक तुकडा मुद्दाम पडीक ठेवतात. तो सैतानाला वाहिलेला असतो. गंमत अशी, की त्या तुकड्याच्या नावात सैतान कुठेच नव्हता. त्याला म्हणत ‘गुडमन्स क्रॉफ्ट’. ‘गुडमन’चा शब्दार्थ भला माणूस; स्कॉट्स बोलीत त्याचा रूढ अर्थ घरधनी.

ज्याची धास्ती, त्याला गोड नावाने हाक मारायची. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

चर्चला मात्र ही युक्ती भोळी वाटली नाही. हे तुकडे ठरावीक मुदतीत नांगरले नाहीत तर ते राजाच्या ताब्यात जावेत, अशी मागणी महासभेने केली. १५६३च्या कायद्याने चेटूक हा देहान्ताचा गुन्हा ठरला होता. १५९०-९१च्या नॉर्थ बेरिक खटल्यांत सैतानाशी संगनमताचा आरोप ठेवून माणसे मारली गेली, आणि त्या चौकशांत राजा सहावा जेम्स जातीने बसला होता. अशा काळात पडीक बांधाकडेही संशयाने पाहिले जाणारच.

तरीही बोलीतली नावे टिकली. ‘ऑल्ड हॉर्नी’ म्हणजे म्हातारा शिंगाड्या. ‘क्लूटी’ त्याहून मजेदार. गाय-मेंढीचा खूर दुभंगलेला असतो. त्याच्या एका फाळक्याला स्कॉट्समध्ये ‘क्लूट’ म्हणतात. म्हणून दुभंग खुरांचा तो क्लूटी. गोठ्यात वावरणाऱ्यांनीच घडवावा असा हा शब्द.

१७३६ साली चेटकाचा कायदा रद्द झाला. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १७८६मध्ये, किल्मार्नक येथे रॉबर्ट बर्न्सचा पहिला काव्यसंग्रह छापला गेला. त्यातील ‘ॲड्रेस टू द डील’ या कवितेत (‘डील’ म्हणजे सैतान) शेतकरी कवी याच नावांनी सैतानाची थट्टा करतो. आरंभी मिल्टनच्या भव्य सैतानाचे अवतरण आहे, आणि लगेच गोठ्यातल्या बोलीत संबोधन! अखेरीस तर त्याने सुधारावे, अशी शुभेच्छाही दिली आहे.

जाता जाता : स्कॉटलंडमध्ये ‘क्लूटी डम्पलिंग’ नावाचे गोड पक्वान्न मिळते. त्याचा सैतानाशी काही संबंध नाही. तिथला ‘क्लूट’ म्हणजे फडके. पीठ, मनुका, मसाले फडक्यात बांधून ते उकळतात.