लाईन गेल्यापासून सकाळपर्यंत

१८ महिने आधी

जानेवारी २०२०. नेपाळमधल्या दामन इथल्या एका रिसॉर्टमध्ये केरळहून आलेले आठ पर्यटक एका खोलीत झोपतात. थंडी कडाक्याची आहे. खोलीत गॅसचा हीटर चालू आहे आणि दार-खिडक्या आतून बंद आहेत. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडतात. त्यांना हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं जातं. आठांपैकी कुणीही वाचत नाही. त्यांत चार मुलं आहेत.

बातमी भारतभर छापून येते. दोन-चार दिवसांत मागे पडते.

सोमवार, १२ जुलै २०२१, संध्याकाळ

चंद्रपूर शहराला लागून असलेलं दुर्गापूर. जवळच वेस्टर्न कोलफिल्ड्सची कोळसा खाण आणि २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र. पावसाळ्याचे दिवस. सूर्य सातच्या जरा आधी मावळतो.

रात्र

लाईन जाते. विदर्भात विजेला लाईनच म्हणतात.

इथल्या एका घरात सात माणसं आहेत. त्यांत शाळेच्या वयाची मुलं आहेत. घरात जनरेटर आहे.

शून्य मिनिट

जनरेटर घरातच सुरू होतो.

यंत्र आत ठेवायला कुठल्याही घरात कारणं सापडतात. बाहेर पाऊस असतो, चोरीची भीती असते, वायर पुरत नाही. प्रत्येक कारण आपापल्या जागी बरोबर वाटतं.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सांगितलेलं अंतर आहे घरापासून किमान २० फूट, आणि धुराचं तोंड घराकडे पाठ करून. दार उघडं ठेवलं, खिडकी किलकिली केली, तरी घरातला जनरेटर सुरक्षित होत नाही.

पहिली काही मिनिटं

इंधन पुरतं जळत नाही तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरतात ते धुरातल्या इतर घटकांमुळे.

स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. गळती झाली तर आधी नाकाला कळावं, एवढ्यासाठी. कार्बन मोनॉक्साइडची कुणी अशी वर्दी देत नाही.

२० मिनिटं

हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १,६०० भाग असतील, तर एवढ्या वेळात डोकं दुखू लागतं, चक्कर येते, मळमळतं. त्याच हवेत तास-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो.

जमिनीखालच्या कोळसा खाणीत ५० भागांची मर्यादा पाळावी लागते. तिथला कामगार या वायूपासून वाचवणारं सेल्फ रेस्क्यूअर कमरेला लावूनच खाली उतरतो. घरात झोपणाऱ्याच्या कमरेला काही नसतं.

४५ मिनिटं

प्रमाण ८०० भागांचं असेल, तर डोकेदुखी आणि मळमळ आता सुरू होते. जागा असलेला माणूस याला दिवसभराचा थकवा समजतो. उकाडा समजतो, जेवण बाधलं म्हणतो. थोडं पडून राहू, असं ठरवतो. हा निर्णय त्याचा शेवटचा ठरू शकतो.

त्या वर्षी करोनामुळे घरोघर ऑक्सिमीटर आले होते. या वेळी बोट घातलं तरी उपयोग नसतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. आकडा नेहमीचाच येतो.

दोन तास

रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा हा वायू दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. छाती वरखाली होत राहते, पण मेंदूपर्यंत प्राणवायू पोचत नाही. काही तरी बिघडलंय हे जाणण्याची शक्ती आधी जाते, मग पायांतलं बळ. दार चार पावलांवर असलं तरी तिथवर जाता येत नाही.

झोपलेल्याला एवढंही कळत नाही. लहान मुलं वजनाच्या मानाने जास्त श्वास घेतात, म्हणून त्यांच्यावर परिणाम लवकर होतो.

८०० भागांच्या हवेत दोन तासांच्या आत शुद्ध हरपते. पुढच्या तासाभरात मृत्यू येऊ शकतो.

पहाट

या वेळी माणसाला उघड्या हवेत आणलं, तरी रक्तातला निम्मा वायू बाहेर पडायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन मिळाला, तर साधारण दीड तास. त्यासाठी कुणाला तरी आधी जाग यावी लागते.

मंगळवार, १३ जुलै, सकाळ

सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. दुर्गापूर जागं होतं.

त्या घरातले सातही जण बेशुद्ध आढळतात. त्यांना रुग्णालयात नेलं जातं. डॉक्टर सहा जणांना मृत घोषित करतात. एक जीव वाचतो.

आज, संध्याकाळी सात

गच्चीवर गॅसचं बार्बेक्यू लावलंय. किंवा अंगणात कोळशाची शेगडी आहे. मुलं भोवती आहेत, कणसं अर्धी भाजून झालीत. आभाळ भरून येतं आणि पहिले थेंब पडतात. कुणीतरी म्हणतं, उचला, आत घ्या, पाचच मिनिटांचं काम राहिलंय.

यंत्र वेगळं आहे. जळणं तेच आहे. कोळशाची ज्योत विझली तरी निखारे हा वायू सोडत राहतात. बंद बाल्कनी, गॅरेज, पत्र्याची शेड, तंबू यांची गणती आतच होते.

हे शून्य मिनिट आहे. अजून सगळ्यांचं डोकं शाबूत आहे, पायांत बळ आहे.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. कोळसा असेल तर उघड्यावरच पाणी ओतून पुरता विझवा. पावसातून आत न्यायचं ते फक्त ताट.